धाकटीच्या हातातलं व्हायोलिन

योनेहारांच्या घरी व्हायोलिनं दोन होती, पण खरं व्हायोलिन एकच. दोन्ही वाद्यांना आणि ती वाजवणाऱ्या दोन्ही मुलींना पियानोची साथ मीच करत आले, म्हणून हे मी खात्रीनं सांगू शकते.

मुलींची आई सावाको माझी शाळेतली मैत्रीण. मात्सुएत पुलाजवळच्या दुकानात ती चहाबरोबर द्यायच्या मिठाया बनवते. नवरा तेइजी पहाटे होडी घेऊन शिंजी तळ्यावर जातो आणि लांब दांड्याच्या दाताळ्यानं तळाच्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, ओढतो. संगीतातलं दोघांनाही काही कळत नाही. "आमच्या घराण्यात एकच वाद्य, होडीचं इंजिन," असं तेइजी म्हणायचा.

व्हायोलिन घरात आलं ते सावाकोच्या काकामुळे. ओसाकातल्या नाचघरांत वाजवण्यात त्याचा जन्म गेला, मूलबाळ झालं नाही. मरताना त्यानं आपलं जुनं, परदेशी बनावटीचं व्हायोलिन सावाकोच्या थोरल्या मुलीला द्या म्हणून सांगितलं. ती थोरली म्हणजे मिसाओ. तिनं ते उचललं आणि मन लावून शिकली. तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी चिगुसा. ताई वाजवायला बसली की ही सरकत्या दारापलीकडे पाय पसरून ऐकत बसायची. एक दिवस दाराआडून गुणगुणणं आलं, तर ते ताईचा अख्खा धडा होता, ताईच्या एका चुकीसकट. मग तिलाही कारखान्यात बनलेलं एक साधं व्हायोलिन आणून दिलं.

दोघींचे गुरू एकच, ओनोझुका सेन्सेई. उंच, कोरडा माणूस. शिकवणी संपली की फक्त "पुढच्या वेळी" म्हणायचे. कधी चुकून "बरं" म्हणाले, तर त्या दिवशी मुलगी घरी पळत जायची.

मिसाओ सतरा वर्षांची आणि चिगुसा चौदा वर्षांची असताना दोघीही देशभरच्या विद्यार्थी स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोचल्या. मिसाओ मोठ्यांच्या गटात, चिगुसा लहानांच्या. गावच्या वर्तमानपत्रात दोघींचा फोटो आला. दुकानात गिऱ्हाइकं सावाकोपुढे वाकून अभिनंदन करायची आणि ती मिठाईच्या साच्यांमागे तोंड लपवायची. अशात एका संध्याकाळी ओनोझुका सेन्सेई न कळवता घरी आले. गुरू असे घरी येत नसतात. मी सरावाच्या वेळा ठरवायला म्हणून तिथेच होते. सावाकोनं घाईनं पान वाढलं, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो घातलेलं तिसऱ्यांचं गरम सार पुढे ठेवलं. सेन्सेईंनी जेवायच्या काड्यांना हातसुद्धा लावला नाही.

"मिसाओचं व्हायोलिन चिगुसाला द्यावं लागेल," ते म्हणाले.

कुणाला काही समजेना. सावाको म्हणाली, "स्पर्धेपुरतं का, सेन्सेई?"

"नाही. वाद्य हाताला बसायला महिने जातात. आजपासून द्यायचं."

"पण ते थोरलीचं आहे," तेइजी म्हणाला. "काकानं तिच्या नावानं दिलंय."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मिसाओ चांगली आहे. शेवटच्या फेरीत ती नीट वाजवेल, लोक टाळ्या देतील. चिगुसा पहिली येऊ शकते. पण त्या कारखान्याच्या खोक्यावर नाही येणार. मला हे गोड करून सांगता येत नाही, माफ करा."

सावाकोचा आवाज बारीक झाला. "दोघींनी आळीपाळीनं वापरलं तर?"

"दारातली चप्पल नाही ती, सावाको-सान, कुणीही यावं आणि पायात सरकवावी."

खोलीत साराच्या वाफेखेरीज काही हलत नव्हतं. चिगुसा मान खाली घालून बसली होती, तिचे कान लालबुंद झाले होते. तेइजीनं मिसाओकडे पाहिलं. ती नाही म्हणाली असती, तर त्यानं सेन्सेईंना दारापर्यंत पोचवलं असतं, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण मिसाओ उठली. आतून पेटी घेऊन आली. व्हायोलिनच्या पाठीची खांद्याची गादी काढली, तारांखालची राळेची भुकटी फडक्यानं पुसली आणि दोन्ही हातांनी वाद्य बहिणीपुढे धरलं.

"गादी मी ठेवून घेते," ती म्हणाली. "तुझी मान आखूड आहे, तुला बसणार नाही."

चिगुसानं वाद्य घेतलं. आभार नाही की काही नाही. शेजारच्या खोलीत जाऊन दार सरकवलं, आणि लगेच तारा लावायला लागली.

"आत्ता? आत्ताच कशाला गं?" सावाको कळवळून म्हणाली.

दारामागून एक साधी सुरावट खालून वर गेली. इतकंच. मी मिसाओकडे पाहिलं नाही, माझी हिंमतच झाली नाही. ज्या आवाजासाठी ती इतकी वर्षं घासत होती, तो धाकटीनं कडी काढावी तसा सहज मोकळा केला होता. तेइजीलासुद्धा कळलं. वाटी तोंडाशी नेली होती, ती तशीच राहिली.

"सेन्सेई," मिसाओ म्हणाली, "सार गार होतंय. घ्या ना."

टोकियोत चिगुसा पहिली आली. मिसाओनं कारखान्याच्या व्हायोलिनवर वाजवलं, नीट वाजवलं, पण ती कोणत्याही क्रमांकात आली नाही. फोटोवाल्यांनी दोघींना एकत्र उभं केलं तेव्हा फुलं धरायला कुणीतरी हवं होतं, ती मिसाओनं धरली.

तिथून दोघींच्या वाटा फुटल्या. चिगुसा पंधराव्या वर्षी टोकियोला शिकायला गेली. एकोणिसाव्या वर्षी युरोपातल्या एका मोठ्या स्पर्धेत दुसरी, पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत पहिली. मग तिचे फोटो स्टेशनांच्या भिंतींवर दिसायला लागले, काळा पोशाख, उघडे खांदे, नजर कुठेतरी लांब. सावाको एकदा मासिक घेऊन माझ्याकडे आली. "बघ तरी, किती छान आलाय फोटो." मी मुलाखत वाचली. त्यात लिहिलं होतं, हे व्हायोलिन मला माझ्या आजोबांच्या भावाकडून मिळालं. मी वर पाहिलं. सावाकोनंही ते वाक्य वाचलं होतं. आम्ही दोघींनी फोटोचं कौतुक केलं आणि मासिक मिटलं.

मिसाओ हिरोशिमाला शिकली. शेवटच्या परीक्षेला तिनं एक अवघड कॉन्चेर्तो घेतला होता, अख्खा वाद्यवृंद मागे आणि एकट्या व्हायोलिननं पुढे वाजवायचं, असा. वर्षभर मी आगगाडीनं जाऊन वाद्यवृंदाच्या वाटचं पियानोवर वाजवायचे. पुढे दक्षिण किनाऱ्यावरच्या एका शहरातल्या वाद्यवृंदात तिला जागा मिळाली, दुसऱ्या व्हायोलिनांच्या मागच्या रांगेत. स्वतःच्या कमाईतून तिनं एक बरंसं व्हायोलिन घेतलं. बहिणींचं बोलणं नववर्षाला व्हायचं, तेही बस किती वाजता आहे, तांदळाचे वडे किती भाजायचे, एवढंच. भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं, असं तेइजी म्हणायचा.

चिगुसा बावीस वर्षांची असताना मिसाओच्या वाद्यवृंदाच्या शरदातल्या कार्यक्रमाची जाहिरात लागली. एकल व्हायोलिन, चिगुसा योनेहारा. आणि रचना तोच कॉन्चेर्तो.

मिसाओचा मला फोन आला. "मावशी, सुट्टी टाकू का?"

"का गं?"

"तिच्यामुळे नाही. म्हणजे तिच्यामुळेच. ती पुढे उभी राहणार, मी मागे बसणार. नवरी आणि करवली."

"करवलीला काम असतं का मंडपात?"

"असतं. पगारी आहे."

"मग टाकू नकोस."

तालमीत काय झालं ते मला तिनंच नंतर सांगितलं. चिगुसा आली, सगळ्यांपुढे वाकली, "सांभाळून घ्या" म्हणाली. नजर रांगांवरून फिरली, कुठे थांबली नाही. शेजारी बसणारी बाई मिसाओच्या कानाशी लागली, "सख्खी बहीण ना? मधल्या सुट्टीत भेटायला नाही जायचं?" मिसाओ म्हणाली, "ती कामात आहे." मग तालीम अर्ध्यावर असताना चिगुसानं गज खाली केला आणि संचालकांना नम्रपणे म्हणाली, "दुसरी व्हायोलिनं इथे जरा जास्त ऐकू येताहेत."

संचालकांनी मागच्या रांगांकडे हात दाबून दाखवला. मिसाओनं पेन्सिल काढली आणि सुरावटीच्या कागदावर "हळू" असं लिहिलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी, सावाको आणि तेइजी गेलो. तेइजी एरवी कुठल्या जलशाला जात नसे, अंधार पडला की त्याला झोप येते. या वेळी त्यानं मयतीला घालायचा काळा सूट घातला होता. "या सुटाला आज पहिल्यांदाच कुणी मेलेलं नाही," तो म्हणाला.

"गप्प बसा हो!" सावाकोनं त्याच्या बाहीवरचा धागा तोडला.

सुरू होण्याआधी आम्ही दोघी चिगुसाला भेटायला गेलो. सावाकोनं डबा उघडला, आत तिनं पहाटे बनवलेली चेस्टनटची मिठाई होती. चिगुसानं ती बाजूला सारली. आदल्या दिवशीच ती विमानानं परदेशातून आली होती, एका कार्यक्रमातून उठून दुसऱ्यात. गळ्याची हाडं वर आली होती. मी तिचा हात हातात घेतला तर तो तळ्यातून काढल्यासारखा गार होता.

"झोप झाली का?" मी विचारलं.

"झाली." मग आई डबा बंद करण्यात गुंतली तसं ती माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "मावशी, ताई कुठल्या बाजूला बसते?"

"तुझ्या मागे. तुला दिसणारसुद्धा नाही."

"तेच तर. ती ऐकत असली की माझा हात जड होतो. सगळ्या जगापुढे वाजवते मी. फक्त तिनं ऐकू नये असं वाटतं."

मी काही बोलणार इतक्यात बाहेरून बोलावणं आलं.

पहिले दोन भाग सुंदर गेले. सुंदर म्हणते, पण मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. ती रचना माझ्या बोटांत आहे, त्यामुळे मला फार पुढचं ऐकू येत होतं. चिगुसा वेगानं वाजवत होती, जरा जास्तच वेगानं, पाठलागावर कुणी असल्यासारखी. लोकांना ते आवडत होतं. मागे मिसाओचं अर्धं तोंड दिसत होतं, बाकी पुढच्यांच्या डोक्यांआड.

तिसऱ्या भागात एक जागा आहे. तीच धून दोनदा येते. पहिल्यांदा ती डावीकडे वळते म्हणा, दुसऱ्यांदा उजवीकडे. चिगुसा दुसऱ्यांदा तिथे आली आणि डावीकडे वळली.

वाद्यवृंद उजवीकडे गेला. क्षणभर दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींवर आदळत राहिल्या. संचालकांनी मान वळवली. चिगुसाचा गज चालत होता, बोटं चालत होती, पण चेहरा रिकामा झाला होता. तिला कळलं होतं. आपण कुठे आहोत ते मात्र कळत नव्हतं. सावाकोनं माझं मनगट धरलं. संगीतातलं काही न कळणाऱ्या त्या बाईला लेकीचा चेहरा वाचता येत होता.

मग चिगुसाचा गज तारांवरून उचलला गेला. आता व्हायोलिनची जागा मोकळी होती आणि मागचा वाद्यवृंद त्या मोकळ्या जागेभोवती पुढे चालला होता. दोन हजार माणसांपुढे यापेक्षा लांब क्षण नसतो.

आणि ती धून वाजली. बरोबर वळणानं, मोठ्या, सरळ आवाजात, दुसऱ्या व्हायोलिनांच्या मागच्या रांगेतून. एखादीच ओळ. वाद्यवृंदात बसलेल्यानं पुढच्याची ओळ वाजवायची नसते. ते शेजाऱ्याच्या ताटातलं खाण्यासारखं आहे, त्याहून वाईट. पहिला व्हायोलिनवादक, पांढऱ्या केसांचा गृहस्थ, खुर्चीत अर्धा वळला. पण चिगुसाचा गज तोवर खाली आला होता. ती त्याच ओळीच्या मध्यातून आत शिरली, जोड दिसू न देता, आणि शेवटापर्यंत गेली.

टाळ्या पुष्कळ पडल्या. आमच्या पुढच्या रांगेतला माणूस बायकोला म्हणाला, "तो मधला थांबा काय जबरदस्त होता, नाही?"

आम्ही आत गेलो तेव्हा मिसाओ वाद्याची पेटी छातीशी धरून पांढऱ्या केसांच्या गृहस्थापुढे उभी होती.

"योनेहारा-सान," तो म्हणत होता, "ज्याची त्याची ओळ ज्याच्या त्याच्या कागदावर लिहिलेली असते."

"चूक झाली. पुन्हा होणार नाही."

"होऊ नये." तो निघाला, थांबला, खाकरला आणि गेला.

तेवढ्यात चिगुसा आली. हातात मोठा गुच्छ, मागे तिचा कार्यक्रम ठरवणारा माणूस, त्याच्या मागे सह्या घ्यायला आलेली चार-दोन माणसं. तिनं कुणाची पर्वा केली नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं वाजवायला?"

"कुणी नाही," मिसाओ म्हणाली.

"मी परत येणारच होते!"

"हो. आली असतीस."

"मग कशाला? सगळ्यांना दाखवायला? की तुला पाठ आहे आणि मला नाही?"

"चिगुसा!" सावाको म्हणाली. तेइजीनं तिला दंडाला धरून मागे ओढलं. "होऊ दे," तो पुटपुटला. "आठ वर्षं तुंबलंय."

मिसाओ जराही न हलता म्हणाली, "तू थांबलीस. माझा हात थांबला नाही. मी ठरवून नाही केलं."

चिगुसाचा चेहरा वेडावाकडा झाला. गुच्छ तिनं त्या माणसाच्या हातात कोंबला. "मला कळलंच नाही की ती तू आहेस," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच वाजवतेय. ऐकलं आणि वाटलं, हं, लागलं बाई, सापडली वाट. टाळ्यांच्या वेळी लक्षात आलं की तेव्हा माझा गज वर होता." मग ती रडायला लागली, लहान मूल रडतं तशी, नाक पुसत. "मी दाराआडून ऐकून शिकले. सगळं. मासिकात काय सांगणार होते मी? की माझा हात चोरीचा आहे?"

मिसाओनं तिला जवळ घेतलं नाही. मग विचारलं, "ते कुठंय?"

"काय?"

"काकाआजोबांचं व्हायोलिन. आज तू वाजवलंस ते नव्हतं."

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं चिगुसाला त्याहून जुनं, इटालियन वाद्य वापरायला दिलं होतं. चिगुसानं डोळे पुसले. "टोकियोत आहे."

"कोण वाजवतं?"

"कुणी नाही. कपाटात आहे."

"कपाटात?"

मिसाओला ओरडताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. भिंतीला टेकलेली माणसंसुद्धा सरळ झाली. "मी ते तुला कपाटात ठेवायला दिलं? न वाजवता ठेवलं की लाकूड बहिरं होतं, माहीत नाही तुला? तू पहिली ये, जगभर फिर, मला एका शब्दानं विचारू नकोस, चालेल! पण ते बंद करून ठेवलंस? मला फोन करता आला नाही? एक फोन?"

"लाज वाटली," चिगुसा म्हणाली.

"लाज वाटली म्हणे!" मिसाओ म्हणाली. "उद्या जाऊन घेऊन ये. कुरियरनं पाठवायचं नाही. स्वतः आण."

कार्यक्रमवाला माणूस घड्याळ दाखवत म्हणाला, "उद्या नागोयात तालीम आहे." दोन्ही बहिणींनी त्याच्याकडे एकाच वेळी अशा नजरेनं पाहिलं, की तो गुच्छामागे झाला.

नागोयाची तालीम काही टळली नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात चिगुसा पेटी मांडीवर घेऊन टोकियोहून आगगाडीनं मिसाओच्या खोलीवर गेली. वाद्य खरंच बहिरं झालं होतं. मिसाओ रोज कामावरून आल्यावर लांब, साधे सूर ओढायची. हिवाळा सरेपर्यंत आवाज कुंद होता, नंतर हळूहळू मोकळा झाला. पण चौदा वर्षांच्या मुलीनं त्या संध्याकाळी काढला होता तसा तो मिसाओच्या हाती कधी आला नाही, हे तिला कळतं आणि मलाही कळतं. ती त्यावर वाद्यवृंदात वाजवते. चांगलं वाजवते.

चिगुसानं त्या कार्यक्रमवाल्याशी भांडून कार्यक्रम निम्म्यावर आणले. त्यानं सांगितलं, लोक विसरतील. काही जागी विसरलेही, एका मोठ्या दौऱ्यावर तिच्याऐवजी दुसरी मुलगी गेली. मग वसंतात व्हिएन्नाचं बोलावणं आलं, आजवरचं सगळ्यात मोठं, आणि तयारीसाठी ती मात्सुएला आली. मिसाओनंही रजा काढली.

परवा दोघी माझ्या घरी होत्या. मी पियानोवर, चिगुसा उभी, मिसाओ खिडकीपाशी खुर्चीत.

"तिथे तिसरं बोट का लावतेस?" मिसाओ म्हणाली.

"मला सोयीचं पडतं."

"तुला घाईचं पडतं. सोयीचं नाही."

"तू वाजवून दाखव मग."

"मी कशाला? व्हिएन्नाला तू चाललीस."

"बघ मावशी, ही अशी बोलते!"

"अशीच बोलणार. पहिल्यापासून घे."

चिगुसा चिडून पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागली, यावेळी चौथं बोट लावून, आणि त्या जागी मिसाओनं हात वर केला. चिगुसा थांबली. दोघींची वाद्याच्या मानेवर डोकी जुळली आणि बोटांवरून कडाक्याचा वाद सुरू झाला. मी तिथे आहे याची कुणाला आठवणच नव्हती. माझे हात पट्ट्यांवर तसेच अवघडून होते. शेवटी मी विचारलं, "चहा टाकू का गं मुलींनो?"

दोघी मान न वळवता एकदम म्हणाल्या, "थांब ना, मावशी!"